आते, यात साहोग काय? : मनिलातल्या कारिंदेर्यात पहिल्यांदा जेवताना

फिलिपिन्सला, मनिलात आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मला मूग दिसले. मकातीतल्या आमच्या इमारतीमागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मऊ शिजलेले हिरवे मूग आणि वर कसलासा हिरवा पाला. आठवडाभर ब्रेड आणि घरून आणलेल्या चकल्यांवर काढलेल्या माणसाला मुगाची आमटी दिसली की काय होतं ते सांगायला नको. पातेल्यामागच्या बाईंना विचारलं, ‘व्हेजिटेरियन?’ त्या हसून म्हणाल्या, ‘येस, येस, व्हेजिटेबल!’ दुसऱ्याच घासाला दाताखाली काहीतरी चिवट आलं. डुकराच्या चरबीचा तुकडा होता तो.

बाईंनी मला फसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती मुगाची भाजीच होती. चवीपुरतं डुक्कर पडलं म्हणून ती मटणाची होत नाही. चुकला होता माझा प्रश्न.

मकाती, ओर्तिगास, बोनिफासिओ ग्लोबल सिटी इथल्या ऑफिसांत मुंबई-पुण्याची मंडळी येत असतात, दक्षिणेकडच्या दावाओ शहरात तर डॉक्टरकी शिकायला आपली मुलंमुली असतात. निघण्याआधी सगळे एकच विचारतात: तिथे खायचं काय? भारतीय हॉटेलं आहेत, पण रोज खिशाला झेपत नाहीत. मॉलमधल्या फूड कोर्टात पोट भरतं, मन भरत नाही. शेजारच्या गल्लीत, स्वस्तात, घरच्यासारखं गरम जेवायचं असेल तर कारिंदेर्याला, म्हणजे इथल्या खानावळीला, पर्याय नाही. मासे-मटण सगळं खात असाल तर पुढचं वाचून अर्ध्या तासात तयार व्हाल. शाकाहारी असाल, किंवा बीफ-पोर्क वर्ज्य असेल, तर थोडा जास्त अभ्यास आहे, पण जमतं.

आधी जागा ओळखा

पाटी शोधत बसू नका, बऱ्याच ठिकाणी ती नसतेच. कुणाच्या घराची पुढची खोली, कुठे दोन इमारतींमधली बोळ, कुठे रिक्षा-स्टँडसारखा ट्रायसिकलचा थांबा. समोर फळीवर ओळीने आठ-दहा झाकलेली पातेली, नाहीतर काचेची पेटी. आणि वर एक छोटी मोटर, तिला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या माश्या हाकत गोल गोल फिरत असतात. ते फिरतं यंत्र दिसलं की समजा, इथे जेवण मिळतं.

याच जागेला ‘तुरो-तुरो’ही म्हणतात. तुरो म्हणजे बोट दाखवणं. मेनूकार्ड नाही, आपण पातेल्याकडे बोट करायचं, त्या वाढणार. भाषा न येणाऱ्याला याहून सोयीची पद्धत कुठे मिळायची?

कारिंदेर्या हा शब्द ‘कारी’ म्हणजे आपल्या करीवरून आला असं सांगतात. 1762 ते 1764 या काळात मनिला इंग्रजांच्या ताब्यात होतं. त्यांच्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होते, त्यातले काही इंग्रज परतल्यावरही मनिलाजवळच्या काइन्ता गावात राहून गेले. शेंगदाण्याच्या घट्ट रश्शातलं ‘कारे-कारे’ हे त्यांच्याच करीचं रूप, अशी एक कथा इथे हमखास ऐकायला मिळते. कथा खरी असो नसो, पहिल्या दिवशी गप्पा सुरू करायला बरी आहे.

गल्लीत कारिंदेर्याची भावंडंही भेटतील. ‘तापसिहान’मध्ये सिलोग मिळतं. सिनांगाग म्हणजे लसणावर परतलेला शिळा भात, आपला फोडणीचा भात म्हणा, फक्त हळद नाही. इतलोग म्हणजे अंडं. दोन्ही जोडून सिलोग. त्यापुढे मांसाचं नाव लावायचं: तापसिलोग (बीफ), तोसिलोग (गोडसर पोर्क), लोंगसिलोग (लोंगानिसा, म्हणजे सॉसेज). अंडं खाणाऱ्या शाकाहाऱ्याने नुसतं ‘सिनांगाग आणि इतलोग’ मागावं, कुणी भुवया उंचावत नाही. (उंचावल्या तरी घाबरू नका, का ते पुढे येतंय.) ‘लुगावान’मध्ये लुगाव मिळतो, आल्याच्या चवीची तांदळाची पेज. ताप आलाय, पोट बिघडलंय, पगार लांब आहे: तिन्हीवर उपाय. मात्र पेज पाण्यात शिजलीय की कोंबडीच्या रश्शात, ते विचारा.

कधी जायचं

सकाळी साडेदहा ते साडेअकरा. यावर मी अडून बसेन. पहाटे बाजार होतो, सकाळभर रांधणं चालतं, आणि अकराच्या सुमाराला सगळी पातेली भरलेली, गरम आणि अजून कुणी न ढवळलेली असतात. बारा वाजता बांधकामावरचे कामगार, बँकेतल्या मुली, ट्रायसिकलवाले असे सगळे एकदम येतात. दोनला तळाशी उरलेलं असतं. ‘उबोस ना’ असं ऐकलंत तर त्याचा अर्थ ‘संपलं’.

संध्याकाळी गेलात तर एक पथ्य पाळा. सकाळचंच पातेलं पुन्हा गरम करून ठेवलेलं असू शकतं. अशा वेळी नारळाच्या दुधातलं, म्हणजे ‘गिनाता-आन’ प्रकारचं काही घेऊ नका, या दमट हवेत नारळ सगळ्यांत आधी दगा देतो. व्हिनेगरमधले पदार्थ मात्र टिकतात. इथल्या लोकांनी आदोबो फ्रिज नसलेल्या काळापासून उगीच नाही सांभाळला.

अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांसाठी: कॉल सेंटरांच्या आसपास रात्रभर चालणाऱ्या कारिंदेर्या असतात. पहाटे तीनला तिथे सगळ्यांचं दुपारचं जेवण चाललेलं असतं.

झाकण उचला

हो, आपल्या हाताने. आपल्याकडे खानावळीत असं केलं तर पळी बसेल, इथे मात्र गिऱ्हाईक झाकण उचलून आत डोकावतं, नाक घालतं, पुन्हा ठेवतं, पुढच्या पातेल्याकडे जातं. तेच अपेक्षित आहे. काचेची पेटी असेल तर नुसतं बघा.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथलं जेवण भाताभोवती फिरतं. शेतातल्या पिकाला पालाय, तांदळाला बिगास, शिजलेल्या भाताला कानिन. (आपण पिकालाही भात आणि ताटातल्यालाही भात, हे लोक आपल्यापेक्षा काटेकोर.) आणि भाताबरोबर जे काही खायचं, ते सगळं ‘उलाम’. कोकणात ‘आज कालवण काय?’ विचारतात, घाटावर कोरड्यास म्हणतात, तोच हा शब्द. मासा असो, भाजी असो, तळलेलं अंडं असो, उलामच.

आता पातेल्यांकडे. ओळखीचे चेहरे पुष्कळ दिसतील, आणि फसगत तिथेच होते.

पातळ, फिकट रस्सा, त्यात मुळ्याच्या चकत्या, भेंडी, वांगं, चवळीच्या लांब शेंगा, पालेभाजी आणि एक लांबडी हिरवी मिरची: हे सिनिगांग. आंबटपणा चिंचेचा, क्वचित पेरूचा किंवा बिलिंबीचा. चिंचेचं सार पिऊन वाढलेल्या माणसाला पहिल्या घोटात आपलं वाटतं. त्यात डुक्कर, कोळंबी किंवा बांगुस नावाचा मासा असतो. मासे खाणाऱ्या मराठी माणसाने फिलिपिनो जेवणाची सुरुवात इथूनच करावी.

तपकिरी, चकचकीत, तेल सुटलेलं, लसणाचा वास: आदोबो. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र, मिरी. गोव्याच्या विंदालूतला व्हिनेगर-लसणाचा मेळ आठवेल, तिकडे पोर्तुगीज पोचले, इकडे स्पॅनिश. पण विंदालूचा तिखटपणा शोधू नका. कोंबडीचा आदोबो म्हणून घेतलात तरी पातेल्यात कोंबडी आणि डुक्कर एकत्र नांदत असू शकतात.

हिरवं-काळपट, नारळाच्या दुधात लगदा झालेलं: लाइंग. ही अळूची पानं आहेत! बिकोल भागातला पदार्थ, आपल्या अळूच्या फदफद्याचा लांबचा भाऊ, फक्त आंबटगोडाऐवजी नारळ आणि मिरची. मला इथलं सगळ्यांत आवडतं उलाम कुठलं विचाराल तर हेच. अडचण एकच, त्यात बहुतेक वेळा कोळंबीचं आंबवण किंवा डुकराचे तुकडे असतात.

बारीक मांस, बटाट्याच्या फोडी, मटार: खिमा-मटार! नाही. हे गिनिलिंग, आणि बहुतेक वेळा ते डुकराचं. आमच्या ऑफिसातल्या एका सोलापूरच्या गृहस्थांनी हे तीन आठवडे आनंदाने मटणखिमा समजून खाल्लं. त्यांना कुणी सांगितलं ते विचारू नका.

काळी, दाट, चॉकलेटसारखी ग्रेव्ही: दिनुगुआन. डुकराच्या रक्तात शिजवलेलं मांस. परक्यांना हसत हसत ‘चॉकलेट मीट’ म्हणून सांगतात. खायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण कळून ठरवा.

भोपळा, भेंडी, वांगं, कारलं, चवळीच्या शेंगा एकत्र: पिनाकबेत, इलोकोस भागातली मिसळीची भाजी. दिसायला शंभर टक्के शाकाहारी, पण आत बागोओंग. बागोओंग म्हणजे मिठात आंबवलेले बारीक मासे किंवा जवळ्यासारखी बारीक कोळंबी. वास उग्र, चव खारट, आणि सुकटीवर वाढलेल्या माणसाला दोन दिवसांत सवय लागते. नावांची गंमत बघायची तर इथला ‘पातोला’ घ्या. संस्कृत पटोल म्हणजे आपलं पडवळ, पण इथे पातोला मागितलंत तर दोडक्या-घोसाळ्याचं कुळ पुढे येतं. नाव प्रवासाला निघालं आणि वाटेत दुसऱ्याच वेलावर जाऊन बसलं.

आणि काही निव्वळ सुख देणाऱ्या गोष्टी. एन्सालादांग तालोंग म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कांदा-टोमॅटो, फक्त दाणेकूट-दही नाही. बागोओंग बहुधा बाजूला देतात, ‘नको’ म्हणता येतं. तोर्तांग तालोंग म्हणजे भाजलेलं वांगं अंड्यात बुडवून तव्यावर टाकलेलं. कारलं-अंड्याची भाजी. गुलाबी रंगवलेलं बदकाचं खारवलेलं अंडं, टोमॅटोच्या फोडींबरोबर. भाताशेजारी हे अंडं कुस्करलं की लोणच्याची उणीव भरून निघते. लोणच्यावरून आठवलं, किसलेल्या कच्च्या पपईच्या आंबटगोड लोणच्याला इथे ‘आचारा’ म्हणतात. हा शब्द कुठून आला ते तुम्हाला सांगायला नको.

साहोग विचारा

आता मुद्द्याचं. ‘व्हेज आहे का?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. ‘मांस आहे का?’ हाही अर्धवटच, कारण कोळंबी, सुकी मासळी, रश्शाची क्यूब यांना कुणी मांसात धरत नाही. विचारायचा शब्द आहे साहोग. भाजीत, डाळीत, शेवयांत चव यावी म्हणून वरून जे घातलं जातं, डुकराचे तुकडे, कोळंबी, चिकन, सुकट, ते सगळं साहोग.

‘आते, आनो पो आंग साहोग नितो?’ म्हणजे: ताई, यात साहोग काय आहे?

हे विचारलं की उत्तर खरं आणि पूर्ण येतं. माझा अनुभव असा की बाई स्वतः पळी घालून ढवळून दाखवतात. मग त्या बाबोय म्हणाल्या तर डुक्कर, बाका म्हणजे बीफ, मानोक म्हणजे कोंबडी, इस्दा मासा, हिपोन कोळंबी, आलामांग बारीक कोळंबी, गुलाय भाजी, तोक्वा म्हणजे टोफू. कांबिंग म्हणजे बकरा, पण तो रोज भेटत नाही. ‘बाका’चा एक घोळ आहे: जोर पहिल्या अक्षरावर दिला तर गाय, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘कदाचित’. पातेल्याकडे बोट करून ‘माय बाका पो बा?’ विचारलंत तर गोंधळ होत नाही. ‘माय’ म्हणजे ‘आहे’, आणि ‘नाही’ला म्हणतात ‘वाला’. ‘वाला पो’ ऐकलं की निर्धास्त व्हायला हरकत नाही. बीफ टाळणाऱ्यांनी तापा, कारे-कारे, बुलालो ही तीन नावं पाठच करून ठेवावीत.

कोळंबीची ॲलर्जी असेल तर मात्र हा शब्द खेळ म्हणून शिकू नका, जीव राखायला शिका. बागोओंग आणि पातीस (मासळीचं खारट पाणी) कुठल्या भाजीत असेल याचा नेम नाही, पळीही एकच असते.

ज्यांना मांसाचा स्पर्शही चालत नाही, त्यांना मी खोटी आशा दाखवणार नाही. त्यांच्यासाठी कारिंदेर्या म्हणजे भात, टोमॅटो, कधी नुसता तळलेला टोफू, आणि बाहेरच्या गाडीवरची बनाना-क्यू, म्हणजे साखरेत तळून काडीला टोचलेली साबा केळी. सकाळी ‘ताहोऽऽ’ अशी आरोळी देत जाणारा माणूस थांबवा: गरम मऊ टोफू, वर गुळासारखा पाक आणि साबुदाणा. हा मात्र निर्मळ आनंद आहे. बाकी स्वयंपाक घरी करा. तूरडाळ भारतीय दुकानांत मिळते.

मागायचं कसं

बाई असतील तर ‘आते’ म्हणजे ताई, पुरुष असेल तर ‘कूया’ म्हणजे दादा. वयस्कर बाईंना ‘नानाय’ म्हटलं तर चेहरा फुलतो. प्रत्येक वाक्यात कुठेतरी ‘पो’ घाला. आपल्या ‘अहो’चं काम तो करतो आणि मोडक्या भाषेतली सगळी उद्धटपणाची टोकं घासून काढतो.

मग बोट दाखवा. ‘इसांग कानिन’ म्हणजे एक भात. भात वाटीने मोजतात आणि वाटी ताटात उपडी करतात, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या मुदीसारखा नीटनेटका डोंगर येतो. एका वाटीत आपलं भागत नाही, लाजू नका, इथे कुणाचंच भागत नाही. उलाम एकदम पूर्ण घ्यायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी अर्धी ऑर्डर मिळते, ‘कालाहाती’ म्हणायचं. नव्या माणसाने दोन अर्धी उलामं घ्यावीत. एक फसलं तर दुसरं आहे.

आणि रस्सा मागायला विसरू नका: ‘पाहिंगी पो नांग साबाव.’ बहुतेक कारिंदेर्यात वाटीभर रस्सा फुकट देतात, भाताबरोबर प्यायला. अर्थात तो हाडांचा असतो, टाळायचा असेल तर न सांगता पुढ्यात आला तरी नम्रपणे परत करा.

आता त्या भुवया. तुम्ही काहीतरी विचारता, आते काही बोलत नाहीत, नुसत्या भुवया क्षणभर वर करतात. मी पहिल्यांदा तीन वेळा तोच प्रश्न विचारला, मागे रांग वाढत गेली. त्या तिन्ही वेळा ‘हो’ म्हणत होत्या. दुसरी खूण ओठांची: ओठ पुढे काढून दिशा दाखवतात. चमचे कुठे? ओठ डावीकडे. डावीकडे बघा, चमचे तिथेच आहेत.

बसल्यावर

चमचे आणि काटे गरम पाण्याच्या भांड्यात उभे असतात, ते आपण काढून घ्यायचे, झटकायचे, हवं तर कागदी रुमालाने पुसायचे. सुरी नसते. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, काट्याने ढकलायचं, चमच्याच्या कडेने कापायचं. हाताने जेवलात तर कुणी नाक मुरडत नाही, त्यांचंही ते जुनं वळण आहे, ‘कामाय’ म्हणजे हातच. आधी हात धुवायला जागा कुठे आहे तेवढं बघा. ताटावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली दिसली तर आश्चर्य नको, धुण्याचं पाणी वाचतं.

जेवण फिकं लागेल. लागणारच. हळद नाही, धणे नाहीत, तिखट नाही, आणि काही पदार्थांत साखर आहे. पहिल्याच दिवशी ‘चव नाही’ असा निकाल देऊ नका, कारण इथे शेवटची चव खाणाऱ्याने करायची असते. टेबलावर सुका (व्हिनेगर), तोयो (सोया सॉस), पातीस असतं. कालामान्सी मागा, गोटीएवढं लिंबू आहे ते, वास संत्र्याकडे झुकणारा. लहान वाटीत तोयो, त्यात दोन कालामान्सी पिळा, एक सिली लाबुयो चिरडा. ही मिरची लवंगी मिरचीची बहीण आहे, दोन चिरडू नका. या वाटीला सावसावान म्हणतात. तळलेल्या माशाचा तुकडा तिच्यात बुडवून खाल्लात की ‘चव नाही’ हे वाक्य पुन्हा तोंडात येणार नाही.

पाणी जगमध्ये असतं, फुकट. पहिला महिना तरी बाटलीचं प्या.

तुम्ही जवळून जात असाल तर बाकावर जेवणारा माणूस तुम्हाला म्हणेल, ‘काइन पो.’ जेवा, या. ताटात त्याच्या एक मासा आणि दोन मुठी भात, तरी म्हणेल. गावाकडे ओट्यावर जेवताना वाटसरूला ‘या जेवायला’ म्हणतात आणि तो ‘सावकाश होऊ द्या’ म्हणून पुढे जातो, तोच हा रिवाज. खरोखर जाऊन बसायचं नसतं. ‘सिगे पो, सालामात’ म्हणायचं. आणि उद्या तुमच्या पुढ्यात ताट असेल तेव्हा तुम्हीही म्हणायचं.

पैसे

मनिलात साधारण हिशेब असा: भाजीचं उलाम 40 ते 60 पेसो, मांस-माशाचं 60 ते 100, भाताची वाटी 10 ते 15. पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. काही ठिकाणी घेतानाच पैसे देतात, काही ठिकाणी उठताना, समोरचा काय करतो ते बघा. उठताना ‘बायाद पो’ म्हणत नोट पुढे करायची. सकाळी 1000 ची नोट काढू नका. सुट्ट्यांना इथे बार्या म्हणतात आणि जीपनीत (इथल्या शेअर-जीपसारख्या बसमध्ये) तर पाटीच असते: सकाळी फक्त सुटे. जीकॅश या मोबाइल पाकिटाचा क्यूआर कोड पुष्कळ ठिकाणी चिकटवलेला दिसेल. टीपची अपेक्षा नसते. ‘बावाल उतांग’ लिहिलेलं असेल तर तो आपला ‘कृपया उधार मागू नये’.

घरी न्यायचं असेल तर ‘पाबालोत पो’. रस्सासुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. पिशवी कापायची आधी वाडग्यात ठेवून, हे मी फरशी पुसून शिकले.

दावाओवाल्यांसाठी दोन शब्द

तिकडे बिसाया भाषा चालते. मनिलाचं तागालोग कळतं, पण त्यांच्या भाषेत बोललात तर वागणूक बदलते. कानिनला कान-ओन, उलामला सुद-आन, चवदारला लामी. ‘पिला?’ म्हणजे कितीला? हाच शब्द मनिलात म्हणाल तर ‘रांग’ असा अर्थ होतो. ‘उतान’ विचारा: शेवग्याचा पाला, भोपळा, भेंडी यांचा पातळ, गवती चहाच्या वासाचा रस्सा. तो कित्येकदा साहोगशिवाय असतो. शाकाहारी विद्यार्थ्यांचा तो आधार आहे. तरी विचाराच.

एक घर धरा

रोज नवी जागा शोधू नका. इथे ‘सुकी’ म्हणून एक नातं असतं. बांधलेलं गिऱ्हाईकही सुकी आणि त्याचा दुकानदारही सुकीच. एकाच कारिंदेर्यात, एकाच वेळी, पंधरा दिवस जा. पहिल्या आठवड्यात आते विचारतील, ‘बुंबाय का?’ दचकू नका. भारतीय माणसाला इथे सरसकट बुंबाय म्हणतात, आपल्या बॉम्बेवरून. त्याला एक खवचट कडही आहे, कारण दारोदार ‘पाच-सहा’ने, म्हणजे पाच देऊन सहा घेण्याच्या बोलीने, पैसे लावणारे भारतीय सावकार इथे सगळ्यांच्या ओळखीचे. पण मुंबईच्या माणसाला या प्रश्नाचं अगदी खरं उत्तर देता येतं. मी ते देते, मग सगळे हसतात. आपल्या लाल कांद्यालाही इथे ‘सिबुयास बुंबाय’ म्हणतात, त्यामुळे पातेल्यात एक बुंबाय आधीच आहे असा विनोद आमच्या आते दर आठवड्याला करतात.

सुकी झालात की मागणी करता येते. शुक्रवार हा मुगांचा दिवस. कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस टाळायची रीत, त्यातून कारिंदेर्यात शुक्रवारी मुंगो रांधायची सवय पडली. मांस टाळण्याच्या दिवसाच्या त्या मुगांवर डुकराच्या सालीचे कुरकुरीत चिचारोन भुरभुरतात, हा विरोधाभास त्यांनाही कळतो आणि त्यांनाही हसू येतं. तर गुरुवारी सांगून ठेवायचं: उद्याच्या मुंगोतली एक वाटी साहोग घालायच्या आधी बाजूला. लसूण-कांदा-टोमॅटोची फोडणी आणि मूग, एवढंच. मी वर शेवग्याचा पाला घालायला सांगते आणि खिशात मेतकुटासारखी लपवून आणलेली लसणाची चटणी घेऊन जाते.

शुक्रवारी अकराच्या आत पोचा. बाराला गेलात तर गर्दीत आते तुमच्याकडे बघणारही नाहीत, हात पळीत, डोळे पैशांच्या डब्यावर. तिथेच उभे राहा, हाका मारू नका. मध्येच कधीतरी त्या ओठ पुढे काढून फळीच्या खाली दाखवतील. तिथे बशीने झाकलेली वाटी असते.